मागून डावा

म्हातारा खुर्चीत मान वाकडी करून बसला होता आणि मी त्याच्या कानात गुलाबी लगदा भरत होते. कानाच्या यंत्रासाठी साचा घ्यायचा तर हा लगदा भरून पाच मिनिटं थांबावं लागतं. तेवढा वेळ समोरचा माणूस ठार बहिरा असतो, त्यामुळे बोलण्यात अर्थ नसतो. मी खिडकीबाहेर बघत राहते. ॲबर्डीनमध्ये खिडकीबाहेर बघायचं म्हणजे समोरच्या इमारतीचा करडा दगड बघायचा. पंचवीस वर्षं मी हे करते आहे. हजारो कान माझ्या बोटांखालून गेले असतील, मऊ, कडक, केसाळ, थंडगार, आणि मला कधी काही झालं नाही. त्या मंगळवारी मात्र साचा काढल्यावर मी कानाची कड पुसायला बोट फिरवलं आणि बोट एका खाचेत जाऊन थांबलं. कानाच्या मागच्या कडेला, बरोबर मधोमध, करंगळीच्या नखाएवढी खाच. "जन्मभर बोटीवर होतो," म्हातारा म्हणाला, "उन्हावाऱ्यानं गाठ आली, डॉक्टरनं तेवढा तुकडाच काढून टाकला." मी त्याच्या मागे उभी होते. माझं बोट त्या खाचेतून निघेना. मागून उजवा. "हूकिन," माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं. म्हाताऱ्यानं वळून विचारलं, "काय म्हणालात?" मी म्हटलं, "काही नाही, छान ऐकू येईल आता तुम्हाला." आणि आतल्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले.

हूकिन हे माणसाचं नाव नाही, घराचं आहे. आमच्या केल्डसे बेटावर निम्मे लोक टलक आडनावाचे, त्यामुळे आडनाव कुणी लावत नाही, घराचं नाव लावतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्क्नी बेटं आहेत, त्यांच्या नकाशात अगदी वर, कागद संपता संपता जो ठिपका दिसतो, तो आम्ही. बेटाभोवती दगडी गडगा आहे, चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. बाहेरच्यांना वाटतं तो समुद्र आत येऊ नये म्हणून बांधलाय. समुद्राला गडग्याची काय पर्वा! तो मेंढरं आत येऊ नयेत म्हणून आहे. मेंढरं गडग्याबाहेर, किनाऱ्यावर, समुद्राचं शेवाळ खाऊन जगतात. आतलं गवत गाईंचं. बाहेर सगळ्या घरांची मेंढरं एकत्र फिरणार, म्हणून प्रत्येक घराची कानावर खूण. आमच्या निस्टाबेन घराची खूण म्हणजे डाव्या कानाच्या मागच्या कडेला एक खाच. शेजारच्या हूकिनची तीच खाच, पण उजव्या कानाला. आणि डावा-उजवा माणसाचा धरायचा नाही, मेंढराचा धरायचा. म्हणून खूण नेहमी मेंढराच्या मागे उभं राहून वाचायची. मागून डावा, मागून डावा, असं म्हणत बाबांनी मला मांडीवर थोपटल्याचं आठवतं. इतर मुलांना अंगाई असते. ज्याची खूण त्याचं मेंढरू, एवढा एकच कायदा. त्याच्यापुढे साक्ष नाही, शपथ नाही. लोक म्हणतात भिंतीलाही कान असतात. आमच्या भिंतीला नुसते कानच आहेत, हजार-दीड हजार, आणि प्रत्येक कान कुणाचं तरी नाव सांगतो.

घरी माझ्या फ्रिजवर महिनाभर एक पत्र चिकटवलेलं होतं. बेटावरच्या मेंढरांची वही जी मंडळी सांभाळतात त्यांचं. निस्टाबेनचे वॉल्टर टलक, म्हणजे माझे बाबा, वारले त्याला तीन उन्हाळे होतील. तिसऱ्या उन्हाळ्यात मेंढरं गोळा करायच्या दिवशी घरातलं कुणी हजर नसलं तर खूण वहीतून खोडतात आणि मेंढरं बेटाची होतात. तरी आपल्या दोन्ही खुणांचं काय करायचं ते कळवावं. खाली जेसी-अ‍ॅनची सही. शाळेत आम्ही चौघं होतो, त्यातली ही एक. दोन्ही खुणा वाचून मी हसले होते. जेसी-अ‍ॅन तेव्हाही हिशेबात कच्ची होती. आमची खूण एकच. उत्तरादाखल मी एका कागदावर "खोडा" असं लिहिलं होतं, पाकीट बंद केलं होतं, आणि तिकीट लावायचं तेवढं राहिलं होतं. तीन आठवडे मी तिकीट आणायला विसरत होते. त्या मंगळवारी संध्याकाळी घरी आले, पाकीट फाडलं आणि विमानाचं बुकिंग केलं. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. त्या खाचेत बोट अडकलं होतं, एवढंच.

मी बारा वर्षांची होते. आई मी चार वर्षांची असतानाच गेली होती, तेव्हा घरात आम्ही दोघंच. जुलैचा दिवस, मेंढरं वाडग्यात, म्हणजे दगडी कोंडवाड्यात, आणलेली, सगळं बेट लोकर कातरायला बसलेलं. बाबांनी सुरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आज कोकरं तुझी." त्यांच्या दृष्टीनं हा मुलीला वसा देण्यासारखा प्रकार होता. कसं धरायचं ते त्यांनी शंभरदा दाखवलं होतं: मागून जायचं, मान दोन्ही गुडघ्यांत धरायची, त्याचं तोंड पुढे, आपलं तोंड पुढे, मग त्याचा डावा तो आपला डावा. मी पहिलं कोकरू धरलं, त्याच्या अंगातली थरथर माझ्या गुडघ्यांत आली, आणि मला वाटलं की कापताना आपलं तोंड त्याला दिसलं तर त्याला भीती कमी वाटेल. काय हा विचार! पण बारा वर्षांच्या मुलीला असलेच विचार सुचतात. मी त्याला समोर वळवून घेतलं, त्याच्या पिवळ्या डोळ्यांत बघत "झालं हं बाळा, झालं" म्हटलं, डावीकडचा कान धरला आणि खाच पाडली. माझ्या डावीकडचा. अशी अकरा कोकरं. बाबा माझ्याकडे पाठ करून कातरत होते. मुलीवर विश्वास होता. संध्याकाळी मेंढरं गडग्यातल्या फटीतून परत किनाऱ्यावर सोडली तेव्हा मी शेवटच्या कोकराला हलकेच ढकललं. ते दगडांवरून उतरायला लागलं, पाठमोरं, आणि मला त्याचे दोन्ही कान दिसले. मागून उजवा. त्याच्या पुढचं, मागून उजवा. त्याच्याही पुढचं. बाबा दहा पावलांवर सुरी पुसत उभे होते. मला फक्त दहा पावलं चालायचं होतं. मी विहिरीवर जाऊन हात धुतले.

महिन्याभरानं मी कर्कवॉलला, ऑर्क्नीच्या मोठ्या गावी, शाळेच्या हॉस्टेलवर गेले. आमच्याकडची सगळीच मुलं जातात, बेटावर पुढची शाळा नाही. नोव्हेंबरात पुन्हा मेंढरं गोळा झाली आणि त्या शनिवारी घरी जाऊन आलेल्या जेसी-अ‍ॅननं मला हॉस्टेलच्या जिन्यात बातमी दिली, जशी मुली देतात, डोळे मोठे करून. निस्टाबेनची अकरा कोकरं कमी भरली आणि हूकिनची बरोबर अकरा जास्त. "तुझे बाबा सगळ्यांच्या देखत आयझॅककाकांना म्हणाले, यंदा तुझ्या मेंढ्यांना जुळी फार झाली रे, आयझॅक." मी विचारलं, "मग काका काय म्हणाले?" "काही नाही. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि घरी गेले." हूकिनचे आयझॅक. दर रविवारी दुपारी हातात दोरीला ओवलेले मासे घेऊन आमच्याकडे यायचे, चुलीजवळच्या खुर्चीत बसायचे, आणि दोघं मित्र दोन तास एक शब्द न बोलता बसून राहायचे. जाताना उठून म्हणायचे, "मग." बाबा म्हणायचे, "मग." एवढ्या संभाषणावर ती मैत्री चाळीस वर्षं चालली होती. त्या नाताळात मी घरी गेले तर रविवार आला आणि खुर्ची रिकामी. ईस्टरला रिकामी. उन्हाळ्यात सहा रविवार, सहाही रिकामे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. बाबांनी नुसतं "आयझॅक" म्हणायचा अवकाश, मी उठून बाहेर जायचे. पोटात खरंच कळ यायची. मग बाबांनी ते नाव काढायचं सोडलं. मी त्याचा अर्थ लावला की राग एवढा खोल गेलाय की नावसुद्धा नको. माझ्या एका सुरीनं दोन घरांमधली वाट बंद झाली होती आणि एका वाक्यानं ती उघडता आली असती. ते वाक्य मी रोज तयार करायचे. आज सांगू, उद्या सांगू. मग सुट्ट्या दोन दिवसांच्या झाल्या, मग वर्षाआड. मधे शिक्षण झालं, लग्न झालं, मोडलं. वाक्य तेच राहिलं, अगदी हळू आवाजात सांगायचं, अशा मापाचं.

बाबा गेले ते फेब्रुवारीत. मी कर्कवॉलपर्यंत पोचले आणि धुकं उतरलं. दोन दिवस विमानतळाच्या त्या लहानशा हॉलमध्ये मी बाकावर बसून होते. खोटं कशाला बोलू, धुकं वाढलं की मला बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बाबांना माझ्यावाचून पुरलं. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, केल्डसेचं आठ माणसांचं विमान समोर उभं होतं, पायलट हात करत होता, आणि मी ॲबर्डीनच्या रांगेत जाऊन उभी राहिले. बाबांच्या कबरीवर आयझॅक उभे असतील की नसतील, यातलं काय जास्त वाईट, ते मला ठरवता येत नव्हतं. बाबा आपल्या एकुलत्या एका मित्राला चोर समजत मेले, माझ्यामुळे. माणसाच्या नावावर याहून वाईट काय असू शकतं ते मला माहीत नाही. आता आयझॅक चौऱ्याऐंशीचे होते आणि निदान त्यांना तरी तसंच मरू द्यायचं नव्हतं.

केल्डसेचं विमानतळ म्हणजे एक कुरण, एक झोपडी आणि वाऱ्यानं फुगलेला एक नारिंगी पायमोजा. विमान उतरलं तेव्हा आगीच्या बंबावर जेसी-अ‍ॅन शिरस्त्राण घालून बसली होती. विमान थांबल्यावर तिनं शिरस्त्राण काढून पोस्टाची टोपी घातली, टपालाची पिशवी उतरवून घेतली, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"आलीस? मला वाटलं पाकीट येईल."

"तिकीट नव्हतं माझ्याकडे."

"एवढ्या मोठ्या गावात पोस्टाचं तिकीट मिळत नाही? कठीण आहे बाई शहरात." तिनं बंबवाल्याचा जाड कोट उतरवला. आतला स्वेटर उलटा घातला होता, गळ्याची पट्टी हनुवटीखाली आलेली. "अरे देवा, पुन्हा मेरनच्या बाजूनं..." ती एकदम थांबली, खोकली, आणि पिशवी गाडीत टाकायला वळली.

मेरन म्हणजे मी. "काय म्हणालीस?"

"कुठं काय. बस गाडीत. दोनला भरती आहे, सगळे निघालेत किनाऱ्यावर."

गाडीत मी शक्य तितक्या सहज विचारलं, "आयझॅककाका येतात का अजून?"

"येतात का? सगळ्यांच्या आधी जाऊन बसतात. पण ऐकू येत नाही हं काही. बंद. सरकारनं यंत्रं दिलीत, ती चहाच्या डब्यात ठेवलीत."

"डब्यात का?"

"वाऱ्यात शिट्टी मारतात म्हणे. कुत्री गोंधळतात."

मी पंचवीस वर्षं बहिऱ्यांत काढली आणि ही एक शक्यता माझ्या मनात आली नव्हती. माझी सगळी तयारी हूकिनच्या स्वयंपाकघरातली होती: चहा, दोन खुर्च्या, आणि कुजबुजल्यासारखं ते एक वाक्य. आता ते ओरडून सांगावं लागणार. नाहीतर लिहून द्यावं, असं मनात आलं. पण असली गोष्ट चिठ्ठीवर लिहून म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यायची आणि तो चष्मा शोधेपर्यंत उभं राहायचं, हे मला जमलं नसतं. निस्टाबेनवरून गाडी गेली. छपरावरचे दगड जागेवर होते आणि कुणीतरी खिडक्या पुसल्या होत्या. मी जेसी-अ‍ॅनला विचारलं नाही कुणी ते.

भरतीला समुद्र गडग्यापर्यंत येतो, मेंढरांना उभं राहायला हातभर पट्टी उरते, आणि तेव्हाच ती वळवता येतात. ओहोटीला गेलात तर ती खडकांवर पळतात आणि तुम्हाला हसतात. चाळीस माणसं किनाऱ्यावर ओळीनं पसरलेली. मला कुणी "कधी आलीस" विचारलं नाही, "कशी आहेस" विचारलं नाही. कुणीतरी नुसतं हातानं दाखवलं की त्या दोघांच्या मधे उभी राहा. मी उभी राहिले. पाय ओल्या दगडांवर आपोआप पडत होते, हात आपोआप पसरत होते, आणि शेवाळाचा तो कुजका, खारट, आयोडिनचा वास नाकात गेल्यावर मला रडू आलं. वाऱ्याचा हा एक फायदा आहे, सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत असतं. तासाभरात मेंढरं वाडग्यात कोंबली गेली, काळी, करडी, बदामी, सगळी एकमेकांच्या अंगावर. वाडग्याच्या कोपऱ्यात उलट्या ठेवलेल्या मासळीच्या खोक्यावर आयझॅक बसले होते. लहान झाले होते. लोक एकेक मेंढरू त्यांच्यापुढे आणत आणि ते अंगठ्यानं कानाची कड चाचपून घराचं नाव सांगत, डोळे मिटून. माझ्या बोटाला ती सवय कुठून आली ते मला त्या क्षणी कळलं. मी पुढे झाले. दहा पावलं असतील.

"आयझॅककाका, मी मेरन."

"कोण?"

"मेरन! वॉल्टरची!"

"ते दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे. काय म्हणतेस?"

"मला तुम्हाला काही सांगायचंय."

"काय?"

"सांगायचंय! ती अकरा कोकरं!"

"मोठ्यानं बोल की. तोंडात काय धरलंयस?"

मग माझं मलाच काय झालं कळलं नाही. मी छातीतून ओरडले. "ती अकरा कोकरं मी कापली! चुकीचा कान! समोरून धरून! तुम्ही चोर नव्हता! बाबांना माहीत नव्हतं! माझी चूक होती, मी सांगितलं नाही! कुणालाच सांगितलं नाही!"

वाडग्यातल्या कात्र्या थांबल्या. कुत्रीसुद्धा खाली बसली. पस्तीस वर्षं जे मी उशीलाही सांगितलं नव्हतं ते आता चाळीस माणसं, सहा-सातशे मेंढरं आणि उत्तर समुद्र यांनी ऐकलं होतं. आयझॅकनी मात्र हात कानामागे धरला आणि म्हणाले, "काय?"

"आम्हाला आलं हो ऐकू," मागून कुणीतरी म्हणालं. कुणीतरी हसलं. मी तिथंच गाडली गेले असते तर बरं झालं असतं. जेसी-अ‍ॅन मेंढरांतून वाट काढत आली, आयझॅकच्या कानाला तोंड लावून तिच्या त्या बंबासारख्या आवाजात म्हणाली, "काका! ती कोकरांचं म्हणते आहे! मेरनची कोकरं!"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "हां, ती! मग असं सांग की. ती पलीकडच्या वाडग्यात ठेवलीत, वेगळी. एकोणीस आहेत. यंदा आठ कोकरं झाली, खुणा करायच्या राहिल्यात. म्हटलं, तू येतेस का बघू."

मला काहीच कळलं नाही. माझं बोलणं त्यांना कळलं नव्हतं, त्यांचं मला. मी गुडघ्यावर बसले आणि त्यांच्या डाव्या कानाशी, जिथून जरा ऐकू येत असावं असं मला माझ्या धंद्यामुळे वाटलं, हळू आणि स्पष्ट सांगितलं, अगदी मी तयार केलं होतं त्या वाक्यात. त्यांनी ऐकलं. मग माझ्याकडे असं बघितलं की पोर शहाणी की खुळी.

"अगं, हे मला माहीत आहे. सुरी समोरून आली की खाचेचा उतार उलटा पडतो. शेंबड्या पोरालाही कळेल. मला त्याच दिवशी कळलं. वॉल्टरला कळायला फेब्रुवारी उजाडला, कारण तो मला शिव्या घालण्यात गुंतला होता." ते खोकल्यासारखं हसले. "मी पण चिडलो होतो, नाही कशाला म्हणू. लोकांदेखत बोलला तो. तीन महिने त्याचं तोंड बघितलं नाही. मग एक दिवस एक कोकरू उचललं, निस्टाबेनला नेलं आणि स्वयंपाकघरात टेबलावर उभं केलं. म्हटलं, बघ. त्यानं चष्मा लावला, बघितलं. मग म्हणाला, 'पोरगी.' मी म्हटलं, 'पोरगी.' मग त्यानं चहा ठेवला."

"मग तुम्ही यायचं का बंद केलंत?"

"कोणी बंद केलं? दर रविवारी जात होतो. तू घरी असलीस की जात नव्हतो. वॉल्टर म्हणाला, तुझं नाव काढलं की पोरीच्या पोटात दुखतं, सुट्टीपुरता येऊ नकोस. मी म्हटलं, बरं. एवढ्या वर्षांत तुझ्या सुट्ट्यांचे किती रविवार? बोटावर मोजण्याइतके."

मी खाली ओल्या दगडांवरच बसले. रिकामी खुर्ची, ती नाताळची, ईस्टरची, उन्हाळ्याची, मीच रिकामी ठेवली होती. मी पाठ फिरवल्याबरोबर ती भरत होती. माझ्या विमानाचा आवाज विरला की आयझॅक मासे घेऊन निघत असतील. पहिल्यांदा मला संताप आला, खरा संताप, की दोन जाणत्या पुरुषांनी एका मुलीला पस्तीस वर्षं जळू दिलं. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं त्यांनी?" मला ओरडावं लागलं नाही, माझं तोंड बघून त्यांना प्रश्न कळला.

"तू सांगशील म्हणून थांबला. मी म्हणायचो, अरे, विचार तिला. तो म्हणायचा, सांगेल तेव्हा सांगेल. माझीच मुलगी आहे, मला तरी कुठं बोलता येतं. शेवटच्या रविवारी पण बसलो होतो दोन तास."

"काही बोलले?"

"जाताना 'मग' म्हणाला."

मला हसू आलं आणि ते थांबेना, आणि हसता हसता मी रडत होते की रडता रडता हसत होते ते मला आजही सांगता येणार नाही. बाबा चोराचा मित्र म्हणून मेले नव्हते. ते आयझॅकचे मित्र म्हणून मेले होते, चुलीशी बसून, पोटभर गप्प राहून. एवढंच हवं होतं मला. छातीवरचा दगड उचलला गेला आणि त्या जागी वारा लागला, गार. बाबा वाट बघत होते, ही गोष्ट तिथं राहिली. ती राहणार, तिला इलाज नाही. पण ती निराळी आहे. तिच्यात लाज नाही. जेसी-अ‍ॅन माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आता कळलंच आहे तर सांगते. बेटावर कुणी काही उलटं केलं की आम्ही म्हणतो, मेरनच्या बाजूनं केलं. स्वेटर उलटा घातला, मेरनच्या बाजूनं. गाडी रिव्हर्स टाकली, मेरनच्या बाजूनं. नव्या पाद्र्यालासुद्धा माहीत आहे. त्याला वाटतं मेरन कुणी संत होऊन गेली." मी म्हटलं, "मी इथं यायला घाबरत होते, जेसी-अ‍ॅन." ती म्हणाली, "आम्हाला वाटलं तुला आमचा कंटाळा येतो." मग तिनं पोस्टाच्या पिशवीतून मेंढरांची वही काढली, काळ्या कातडी बांधणीची, आणि एक पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. निस्टाबेन, डावा कान. त्याच्या खाली, त्या नाताळानंतरच्या मार्चची तारीख घालून, बाबांच्या आडव्यातिडव्या अक्षरात: मेरन, दोन्ही कान. साक्षीला हूकिनच्या आयझॅकची सही.

"कापलेला कान काही जोडता येत नाही," आयझॅक म्हणाले. "मग त्या अकराही कोकरांना आम्ही दुसऱ्या कानालाही खाच पाडली. बेटावर अशी खूण कुणाची नव्हती. ती तुझी झाली. तेव्हापासून चालवतो आहे, आधी दोघं, मग मी एकटा." त्यांनी खिशातून सुरी काढली आणि मुठीकडून माझ्यापुढे धरली. ती बाबांची होती. "जा. आठ आहेत. माझा हात आता हलतो."

पलीकडच्या वाडग्यात एकोणीस मेंढ्या होत्या आणि त्यांच्यात आठ कोकरं, कान कोरे. मी एकाला धरलं. गुडघ्यांत तीच थरथर आली. सगळं बेट बघत होतं, उघड बघत होतं, कुणी कातरण्याचं नाटकसुद्धा करत नव्हतं. "काका," मी ओरडून विचारलं, "कशी धरू?"

"कशीही धर," ते म्हणाले. "वॉल्टरनं म्हणूनच दिली ती खूण. म्हणाला, पोर कुठूनही कापेल, चुकायची नाही."

मी कोकराला समोर वळवून घेतलं. त्याच्या पिवळ्या डोळ्यांत बघितलं, "झालं हं बाळा, झालं" म्हटलं, एक कान धरला, मग दुसरा. सोडल्यावर ते फटीतून निघून दगडांवरून खाली उतरायला लागलं, डोकं झटकत, पाठमोरं. मी मागून बघितलं. डावा होता. उजवाही होता.